चौथ्या सकाळची स्वच्छ नळी

तुम्ही कधी कुणावर इतके जळलात का, की त्याचं काम त्याच्यापेक्षा चांगलं करून त्याचा घात केलात?

लगेच "छे छे" म्हणू नका. चहाडी सगळेच करतात. पाठीमागे बोलणं, तोंडावर गोड हसणं, हे तर आपण आंघोळीसारखं रोज उरकतो. मी विचारतोय ते वेगळं आहे. असं काम करायचं, की बघणाऱ्यानं म्हणावं, "वा, काय सफाई!" आणि त्या सफाईनंच समोरच्याचा गळा कापला जावा. हे एका बाईनं केलं. तिनं स्वतः मला सांगितलं आणि वर म्हणाली, "लिहा. गुळमुळीत लिहाल तर याद राखा."

ही बाई रायफल क्लबच्या शस्त्रखोलीत एकोणीस वर्षं नळ्या साफ करते. तिला सगळे थोरली म्हणतात, कारण तिच्या दिराची बायकोही तिथेच कामाला लागली आणि ती धाकटी झाली. दोन जावा, एक घर, एक चूल आणि नोकरीही एकाच खोलीत. आता बोला!

खोली तळमजल्यावर. खिडकीला दुहेरी जाळी, लोखंडी कपाटात सव्वीस रायफली, प्रत्येकीच्या दस्त्यावर पितळेचा नंबर. मध्ये लांब टेबल, त्यावर रायफल आडवी ठेवायला खाचा पाडलेले दोन लाकडी ठोकळे. जुन्या चादरींचे बोटभर चौकोनी तुकडे कापून डब्यात ठेवलेले. त्या तुकड्यांना तिथे चिंध्या म्हणतात. सळईच्या टोकाला चिंधी लावायची आणि नळीतून ढकलायची. थोरलीचा नियम एकच : मागून पुढे. गोळी जशी जाते तशीच चिंधी जाणार. पुढच्या तोंडातून सळई घुसवलेली दिसली, की ती भल्याभल्या सभासदांना फैलावर घ्यायची. "दारातून यायचं सोडून खिडकीतून येता काय घरी? तोंडाला ओरखडा आला तर ही रायफल उद्यापासून झाडू म्हणून वापरा."

आधी ओली चिंधी, मग ब्रश, मग चिंध्यांमागून चिंध्या, शेवटची पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत. मग तेलाचा हलका हात, आणि अगदी शेवटी एक कोरडी चिंधी, जास्तीचं तेल टिपायला. नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं की डोळा दिपायचा. तीस-तीस वर्षांच्या रायफली आहेत त्या. एकीलाही आतून गंजाचा ठिपका नाही. हे श्रेय तिचं, आणि ते तिच्याकडून कुणी हिसकावून घेऊ नये. मी तर नाहीच नाही.

पाच वर्षांपूर्वी धाकटी आली. थोरलीनंच आणली, शब्द टाकून. सळई कशी धरायची, चिंधी किती मोठी कापायची, सगळं हात धरून शिकवलं. धाकटीचा हात जड. ब्रश अडकवायची, तेल सांडायची. पण प्रश्न? प्रश्नांना अंत नाही. "ताई, हे असंच का? ताई, न पुसता ठेवलं तर काय होईल?"

"काय होईल? तुझ्या सासूला कळेल तू किती आळशी आहेस ते."

"ती तुमचीही सासूच आहे की."

तोवर सगळं गमतीत चाललं होतं.

मग एक दिवस कोच कुरकुरत आला. उंच माणूस, बोलणं मोजकं. म्हणाला, "बाई, क्लबच्या रायफलीनं सकाळची पहिली गोळी नेहमी भरकटते. दुसरी-तिसरी जरा बरी, दहाव्यानंतर झकास. हे काय गौडबंगाल आहे?"

थोरली म्हणाली, "रायफल जागी असते साहेब, सकाळी तुमचा हात झोपलेला असतो."

खोलीतले सगळे हसले. कोचही हसला. धाकटी मात्र हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली.

त्या वहीत ती रोज लिहायची. रायफलीचा नंबर, शेवटची साफ कधी केली, त्यानंतर गोळ्या किती गेल्या, आणि आज थंड रायफलीची पहिली गोळी कुठे लागली. वर, खाली, उजवीकडे, किती बोटं. नेमबाजांना विचारून विचारून भंडावून सोडायची. थोरली म्हणायची, "आमच्याकडे नळ्या साफ होतात आणि वह्या काळ्या होतात."

पण वर्षभरात धाकटीच्या लक्षात आलं ते साधं होतं. या रायफलींची गोळी शिशाची असते, तिच्यावर मेणाचा पातळ लेप. गोळ्या जात राहिल्या की नळीच्या आत त्या मेणाचा आणि जळलेल्या दारूचा पापुद्रा बसतो. तो एकदा नीट बसला की प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या वाटेनं जाते. तुम्ही तो पुसून काढलात की पहिल्या गोळीला वाट नवी. त्यातून तेल राहिलं असेल तर विचारूच नका, निसरड्या फरशीवर चालल्यासारखी ती कुठेही जाते. म्हणजे अगदीच न पुसणं वाईट, नळी सडते. पण रोज रोज आरशासारखी करणंही नेमाच्या मुळावर येतं. पुसायचं कधी आणि सोडायचं कधी, हे प्रत्येक नळीचं वेगळं. धाकटीला ते नंबरानिशी पाठ होतं.

मग नेमबाज दारात येऊन विचारू लागले, "धाकट्या बाई आहेत का?"

एकोणीस वर्षं ज्या दारात "बाई" म्हटलं की एकच बाई उठायची, तिथे आता दोन झाल्या, आणि जी उठायची तिला लोक म्हणायचे, "तुम्ही नाही हो, त्या."

तुम्हाला वाटत असेल, एवढ्यानं काय होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं. थोरलीनं मला सांगितलं, "भाऊ, तो 'तुम्ही नाही हो' माझ्या कानात घरापर्यंत यायचा. मी कणीक मळायची, तो मळला जायचा. मी अंथरूण घालायची, तो उशीखाली असायचा." घरीही सुटका नव्हती. सासू म्हणे, "धाकटीला डोकं आहे." बरं, सासूचं एक वेळ सोडा. एका रविवारी नवरा म्हणाला, "खरंच आहे गं, तिला डोकं आहे." त्या दुपारी त्याचा नवा शर्ट इस्त्रीखाली जळला. थोरली म्हणते तो अपघात होता. सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

आणि यातच मॅनेजर आला, आगीत तेल घेऊन.

दोघीही रोजंदारीवर. थोरली एकोणीस वर्षं रोजंदारीवर, हे वाचून तुमचं डोकं फिरत नसेल तर तुमचं डोकं तपासून घ्या. रोजंदारीवाल्यांसाठी भांडणं आणि त्यावर लिहिणं हाच माझा उद्योग, म्हणून दोघींना कायम करा असे मी तीनदा अर्ज दिले. तिसऱ्या वेळी मॅनेजरनं मला चहा पाजला आणि म्हणाला, "जागा एकच मंजूर आहे. पण आपण अन्याय करणार नाही. स्पर्धा घेऊ." मी तिथेच ओरडलो, की दोन बायकांना झुंजवून तुम्ही गंमत बघता, लाज वाटत नाही? त्यानं दुसरा कप मागवला. माणूस थंड डोक्याचा. असल्यांशी भांडताना माझाच आवाज मला मूर्ख वाटतो.

स्पर्धा अशी. एकाच बनावटीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन रायफली. एक थोरलीकडे, एक धाकटीकडे. पाच सकाळी कोच येणार, प्रत्येकीच्या रायफलीनं फक्त एक गोळी मारणार, सरावाची नाही, थंड रायफलीची पहिलीच. एकीच्या पाचही गोळ्या निशाण्याच्या एकाच कार्डावर. सरासरी वगैरे नाही. जिची सगळ्यात लांब गेलेली गोळी मध्याच्या जास्त जवळ, ती कायम. मॅनेजर म्हणाला, "मला भरवसा हवा. एकदाही दगा न देणारी बाई हवी." दुसरीचं काय? "बघू."

"बघू" म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

सोमवारी कोचनं गोळ्या मारल्या. धाकटीची गोळी मध्याला चिकटून. थोरलीची दोन बोटं वर. मंगळवारी धाकटीची सोमवारच्याच भोकाला भोक. थोरलीची उजवीकडे, अडीच बोटं. बुधवारी धाकटीची परत तिथेच, तीन भोकांचं जणू एकच भोक झालं. थोरलीची डावीकडे वर. आणि थोरली रोज गोळी झाली की तिथल्या तिथे नळी घासत होती, आदल्या दिवसापेक्षा जास्त जोरानं, जास्त वेळ. धाकटी आपल्या रायफलीला बाहेरून फडका मारायची आणि कपाटात ठेवायची, बस.

"बघा तरी," थोरली टेबल पुसणाऱ्या बाईला म्हणाली, धाकटीला ऐकू जाईल असं. "आम्ही घासघासून मरतो आणि लोक धूळ झटकून पुढे जातात. कसली विद्या म्हणायची ही?"

धाकटी म्हणाली, "ताई, एक दिवस न पुसता ठेवून बघा ना."

"तू मला शिकवणार?"

"नाही. सांगतेय."

"तुझं सांगणं तुझ्या वहीला सांग."

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला धाकटी सासूचं औषध आणायला लवकर निघाली. वही टेबलावर राहिली. खोलीची आणि कपाटाची चावी दोघींकडेही असायची. थोरली एकटीच होती. तिनं वही उघडली.

ती सांगते, "मला फक्त त्या एका रायफलीचं पान बघायचं होतं." पण पानं उलटताना तिला एक रकाना दिसला. प्रत्येक पानावर होता. वर लिहिलं होतं, "ताईंनी साफ केल्यावर." त्याखाली ओळीनं : वर दोन बोटं. उजवीकडे तीन. वर. डावीकडे. कार्डाच्या कडेला. वर. चार वर्षांच्या सकाळी, सव्वीस रायफली, आणि तिच्या हाताखालून गेलेली प्रत्येक पहिली गोळी भरकटलेली.

"माझ्या पापांचा पाढा, भाऊ. सुवाच्य अक्षरात."

मी विचारलं, "तिनं तो कुणाला दाखवला होता?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग? तुझी अब्रूच राखली की तिनं."

"तेच तर!" ती माझ्यावरच उसळली. "दाखवला असता तर मी भांडले असते. मनातल्या मनात माझी कीव करत होती ती. चार वर्षं!"

स्वतःची रायफल तर थोरलीनं सकाळीच चकचकीत करून ठेवली होती, ती काही आता मळकी होणार नव्हती. थोरलीनं धाकटीची रायफल कपाटातून काढली. ठोकळ्यांवर आडवी ठेवली. सळईला ओली चिंधी लावली आणि ढकलली. चिंधी काळीकुट्ट बाहेर आली. दुसरी काळी. सातवी राखाडी. अकरावी पांढरी. ती म्हणते, आयुष्यात इतकी सुंदर नळी तिनं साफ केली नव्हती. हातांना मजा येत होती. मग तेलाचा हात दिला. तेवढ्यात बाहेर चौकीदाराच्या चपला वाजल्या. तिनं घाईनं रायफल कपाटात ठेवली, कुलूप घातलं. शेवटची कोरडी चिंधी, तेल टिपायची, तेवढी राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा राहिली.

गुरुवारी सकाळी कोचनं थोरलीची गोळी मारली. पुन्हा दोन बोटं वर. मग धाकटीची रायफल घेतली. गोळी सुटली आणि नळीच्या तोंडातून पांढरट धुराचा एक झोत निघाला. कोच म्हणाला, "आज धूर बराच आला." कार्ड जवळ आणलं तर तीन भोकांपासून चार बोटं लांब, वरच्या कोपऱ्यात, चौथं भोक एकटंच.

मॅनेजरनं कार्ड हातात घेऊन मान हलवली. "बघितलंत? तीन दिवस सोनं आणि चौथ्या दिवशी पितळ. हाच तो भरवसा!"

धाकटी रायफल घेऊन शस्त्रखोलीत गेली. थोरली मागून गेली, कारण न जाणं जास्त संशयाचं दिसलं असतं. धाकटीनं डब्यातली कोरडी चिंधी सळईला लावली आणि नळीतून ढकलली. एवढ्या गोळ्या पचवलेल्या नळीतून ती कोळशासारखी काळी यायला हवी होती. आली फिकी, किंचित राखाडी, तेलानं थबथबलेली.

जगात इतरत्र माणसं डागामुळे पकडली जातात. ही बाई डाग नव्हता म्हणून पकडली गेली.

धाकटीनं ती चिंधी टेबलावर, दोघींच्या मध्ये ठेवली.

"इतकी साफ नळी या क्लबात एकच माणूस करतं, ताई."

"मग? साफच केली ना? घाण तर नाही केली? काम वाढवून दिलं तुझं की कमी केलं?"

"तेलही टिपलं नाहीत."

थोरलीला हेच जास्त लागलं. "चौकीदार आला," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता सगळं कबूल करून बसली.

"जा, सांग जा मॅनेजरला," मग तीच ओरडली.

"सांगितलं तर दोघींच्या चाव्या जातील. घरी दोघीही बसू, एकमेकींची तोंडं बघत. मला ती शिक्षा नको." धाकटीनं वही पिशवीत टाकली. दारात थांबून म्हणाली, "आणि नवीन काय केलंत तुम्ही? एकोणीस वर्षं हेच करत आलात. फक्त काल मुद्दाम केलंत."

त्या दिवशी मग दोघींनीही नळी घासली नाही. दोघींच्याही नळ्यांतून सफाईनंतर जेमतेम एकेक गोळी गेलेली, पापुद्रा नीट बसलेला नाही. शुक्रवारी दोघींच्याही गोळ्या दीड-दीड बोट बाहेर. मॅनेजरनं पट्टी लावली. थोरलीची सगळ्यात लांबची गोळी अडीच बोटांवर. धाकटीची चार. कायम कोण, ते सांगायची गरज नाही. कोचला काहीतरी खटकलं होतं, तो म्हणाला, "गुरुवारचा तो धूर..." मॅनेजर म्हणाला, "धुरात कशाला शिरायचं?"

महिन्याभरात धाकटीला "सध्या गरज नाही" असं सांगण्यात आलं. आता ती दिव्यांच्या कारखान्यात खोकी भरते. जाताना वही घेऊन गेली. ती तिची होती.

तुम्ही म्हणाल, मग थोरली सुखी झाली असेल. थोरली माझ्याकडे आली ती नेमणुकीचं पत्र हातात घेऊन, चुरगाळलेलं.

"भाऊ, कालच्या दिवसात तिघांनी विचारलं, धाकट्या बाई कुठे गेल्या. कोच विचारतो, सात नंबरची पहिली गोळी किती वर धरू? मला काय माहीत? तिला माहीत. ती घरी माझ्याशेजारी बसून भाजी निवडते आणि मी तिला विचारू शकत नाही. विचारलं तर सांगेल ती. लगेच सांगेल. म्हणूनच विचारवत नाही."

"मग आता काय हवंय तुला? ही जागा सोडतेस?"

"का सोडू?" ती फिस्कारली. "एकोणीस वर्षं घासलंय. माझीच आहे ती. पण तिलाही घ्या म्हणावं."

"पश्चात्ताप झाला म्हण की."

"पश्चात्ताप गेला चुलीत. ती समोर नसली की सगळे तिचं नाव काढतात, आणि नसलेल्या माणसाशी कसं भांडायचं? समोर असली तर निदान ब्रश अडकवेल, तेल सांडेल. लोकांना दिसेल तरी." चुरगाळलेलं पत्र मांडीवर सपाट करत म्हणाली, "आणि नळ्या खराब होतायत. मी पुसायला घाबरते आता. कधी पुसू आणि कधी सोडू, हात ठरवू शकत नाही. दोन नळ्यांत मला ठिपका दिसला. माझ्या नळ्यांत!"

हे छापलं तर तुझी नोकरी जाऊ शकते, असं मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "गेली तर तुम्ही भांडाल. तुम्हाला दुसरं येतं काय?"

मला माणसाला देव करून दाखवायची हौस नाही. ती मत्सरी आहे, आजही आहे. बोलताना धाकटीचं नाव आलं की तिचा जबडा आवळतो, मी पाहिलंय. पण एका जागेसाठी दोन कामाच्या बाया एकमेकींवर सोडणारा मॅनेजर त्याच खुर्चीत बसून चहा पितो आहे, आणि त्याच्या कार्डावर एकही भोक नाही. त्या खोलीला पुसणारा हात हवा आणि कधी पुसू नये हे सांगणारी वहीही हवी. जागा दोनच लागतात. हे सव्वीस रायफलींना कळलंय, मॅनेजरला कळलेलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला क्लबाची सर्वसाधारण सभा आहे. दुसऱ्या जागेचा ठराव मी एका सभासदाच्या सहीनं दिला आहे, विषयपत्रिकेत तो शेवटून दुसरा आहे, म्हणजे माणसं उठून गेल्यावर यावा अशी सोय केलेली आहे. तुमच्यापैकी ज्यांची रायफल त्या कपाटात उभी आहे, त्यांनी त्या दिवशी शेवटपर्यंत बसा आणि धाकटीसाठी हात वर करा.